उत्तर आलं नाही, म्हणजे होकार आला का?

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षण ट्रस्टमध्ये आठ वर्षं काम करणाऱ्या ताईंनी लिहिलं आहे. ट्रस्ट गरजू मुलांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. पैसे दरवर्षी थेट कॉलेजला जातात आणि शिक्षण संपल्यावर वर्षभराने परतफेड सुरू होते. आजवर मुलं ऑफिसात येऊन सही करून जायची. यंदा एसएमएसची सोय घेतली आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोनशेच्या आसपास मुलांना एकच इंग्रजी मेसेज गेला: दुसरा हप्ता मंजूर, सात दिवसांत या मेसेजला ‘येस’ असं उत्तर द्या. तीसेक मुलांनी फोन केला किंवा ती ऑफिसात आली. बाकीच्यांकडून काहीच नाही. अध्यक्ष म्हणतात, ज्यांनी कळवलं नाही त्यांचा होकार धरा. तसं केलंही. मग आटपाडीकडची एक मुलगी आली. तिची फी सरकारी योजनेत माफ झाली होती, तिला पैसे नकोच होते, तरी तिच्या नावावर कर्ज चढलं. ताई तिला म्हणाल्या, “मेसेज आला होता ना?” ते वाक्य त्यांच्या मनातून जात नाही. दोनशे मुलांना फोन करायला ऑफिसात माणूस नाही, असंही त्या लिहितात. त्या विचारतात: पुढच्या खेपेला कोणती पद्धत वापरून बघू? मुलं एवढी बेफिकीर का? आणि कर्जाचं गांभीर्य कळावं म्हणून मेसेजमध्ये थोडा धाक घालू का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही लिहिता, “मेसेज संस्थेच्या नावाने गेला, नंबर दिसत नाही, त्यामुळे अधिकृत वाटतो.” ताई, असा अक्षरी नावाने आलेला एसएमएस वाचता येतो, त्याला उत्तर देता येत नाही. मुलाने ‘येस’ लिहून पाठवलं तरी ते कुठेच पोहोचत नाही. म्हणजे तुम्ही दोनशे मुलांना प्रश्न विचारलात आणि उत्तर द्यायचं दार बाहेरून बंद होतं. ज्या तीस जणांनी कळवलं, त्यांनी ऑफिसचा नंबर शोधला, वाट वाकडी करून यायचे कष्ट घेतले. तेव्हा बाकीच्यांना बेफिकीर म्हणायच्या आधी त्यांच्यातल्या कितीजणांनी ‘येस’ दाबून बघितलं असेल, याचा विचार करा.

दुसरं, आज एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या फोनवर दिवसाला कर्जाचे किती मेसेज येतात ते तुमच्या घरातल्या मुलाचा फोन घेऊन बघा. ‘तुमचं कर्ज मंजूर’ हे वाक्य आता फसवणुकीचं वाक्य झालं आहे. आपणच मुलांना शाळेत, बँकेत, पोलिसांच्या कार्यक्रमात बजावून सांगतो की अनोळखी मेसेजला उत्तर देऊ नका, लिंक उघडू नका, ओटीपी सांगू नका. मुलांनी ऐकलं. मग आपण ‘कर्ज मंजूर, उत्तर द्या’ असा मेसेज पाठवतो आणि उत्तर आलं नाही की रागावतो. गप्प बसणारी सगळी मुलं निष्काळजी नसतात. काही चांगलीच शहाणी असतात.

आणि फोन कुणाचा आहे? प्रवेशाच्या धावपळीत अर्ज महा-ई-सेवा केंद्रात भरला जातो, तिथे कधी वडिलांचा नंबर पडतो, कधी मामाचा, कधी केंद्रवाल्याचाच. खानापूर-आटपाडीकडच्या कितीतरी घरांतले वडील गलाईच्या धंद्यात तमिळनाडूत किंवा उत्तरेत कुठेतरी असतात. तिकडच्या दुकानात सोनं गाळताना वाजलेला मेसेज इकडे होस्टेलवरच्या मुलीला कोण सांगणार? जतच्या पूर्व भागात, उमदी-संखकडे, घरात कन्नड बोलतात. तिथल्या आईला इंग्रजी नाहीच, आणि मराठीसुद्धा कागदावर आली की परकी होते. रिचार्ज संपलेला असेल तर तो वेगळाच प्रश्न.

आता तुमच्या अध्यक्षांच्या मुद्द्याकडे येते. त्यांची अडचण खरी आहे. होकाराची वाट बघत बसलं तर कॉलेजची फी थकते आणि मुलाला परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. उत्तर नाही म्हणून पैसे अडवणं हा त्याहून मोठा अन्याय होईल. पण ‘गप्प म्हणजे कबूल’ हा त्यावरचा उपाय मला मान्य नाही, आणि त्याचं कारण माझ्या नोकरीतलं आहे.

मी एका सहकारी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसत असे. मिरजेत नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती. दुसरं वर्ष संपताना तिची आई गेली आणि धाकट्या भावंडांसाठी ती गावी परतली. आम्हाला कुणी कळवलं नाही, आम्ही कुणी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षाची रक्कम नेहमीप्रमाणे कॉलेजला गेली. दीड वर्षाने ती पासबुक घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, “मॅडम, हे पैसे कुणी उचलले?” कॉलेजने मुद्दल परत केलं, पण व्याज तिच्याच खात्यावर राहिलं. तो आकडा मी तिला वाचून दाखवला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. तिने भांडण केलं नाही, पासबुक परत पिशवीत घातलं आणि गेली. तेव्हा मी वर लिहून भांडायला हवं होतं. मी भांडले नाही. म्हणून आज तुम्हाला इतकं आवर्जून सांगते आहे.

कायदा काय म्हणतो तेही अध्यक्षांपुढे ठेवा. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात स्वीकार व्यक्त व्हावा लागतो. समोरच्याच्या गप्प बसण्यावर आपण हवा तो अर्थ लादू शकत नाही. शिवाय १८ वर्षं पूर्ण न झालेल्याला करार करताच येत नाही, त्यामुळे बारावी होऊन नुकत्याच आलेल्या मुलांच्या बाबतीत पालकाचं ‘हो’ लागतंच. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांच्या नव्या किरकोळ, म्हणजे व्यक्तींना दिलेल्या, कर्जांना मुख्य तथ्य विवरणपत्र, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी सांगणारा कागद, बंधनकारक केलं आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं, समजावून सांगायचं, समजल्याची पोच घ्यायची. आणि सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी विचार करायला निदान तीन कामाचे दिवस द्यायचे. तुमचा ट्रस्ट बँक नाही, तुम्हाला हा नियम लागू नसेल. पण मुलाने बँकेतून कर्ज घेतलं असतं तर त्याला जे मिळालं असतं, ते ट्रस्टकडून मिळू नये असं कोणता विश्वस्त म्हणेल?

अमेरिकेत तर सरकारी विद्यार्थी कर्जांच्या नियमात दोन्ही पद्धती लिहून ठेवल्या आहेत: विद्यार्थ्याने स्वतः होकार कळवायचा, किंवा कळवलं नाही तरी कर्ज पुढे न्यायचं. मौनावर चालायला परवानगी आहे, पण ती फुकट नाही. होकार घेतला असेल तर पैसे जमा झाल्यावर ३० दिवसांपर्यंत सूचना दिली तरी चालते. होकार घेतला नसेल तर ७ दिवसांच्या आत द्यावी लागते. होकार दिलेल्याला ‘नको, रद्द करा’ म्हणायला साधारण १४ दिवस मिळतात, न दिलेल्याला ३० दिवस. मौनावर काम चालवलं की संस्थेची जबाबदारी वाढते, हे तिथे कागदावर आहे. अध्यक्षांना हवी असेल तर ही तडजोड मान्य करा: फी थांबवायची नाही, पण ज्याने हो म्हटलेलं नाही त्याला पैसे भरल्यापासून ३० दिवस बिनव्याजी, बिनदंड रद्द करायची मुभा, आणि त्या ३० दिवसांत एक प्रत्यक्ष फोन.

आता धाकाबद्दल. ताई, हेतू चांगला आहे, पण इथे मी तुम्हाला हात जोडून थांबवते. ‘कर्ज म्हणजे ओझं, विचार करून घ्या’ असं लिहिलं की काही मुलं घाबरून कमी घेतील आणि आपल्याला वाटेल, बघा, मुलं शहाणी झाली. अमेरिकेतल्या बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांना कर्जाविषयी मोबाइलवर संदेश पाठवून सल्ला देण्याचा प्रयोग झाला होता. मुलांनी कर्ज कमी घेतलं. पण पुढे त्यांचा अभ्यास मागे पडला, आणि कर्ज थकवणाऱ्यांचं प्रमाण उलट वाढलं. आणखी एका प्रयोगात, जो बेंजामिन मार्क्स आणि लेस्ली टर्नर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, कॉलेजकडून येणाऱ्या आर्थिक मदतीच्या पत्रावर काही विद्यार्थ्यांना कर्जाचा आकडा छापून दिला, ३,५०० किंवा ४,५०० डॉलर, आणि काहींना त्या जागी शून्य. घेता सगळ्यांना तेवढंच येत होतं. शून्यवाल्यांनी मागितलं असतं तर मिळालं असतं. तरी आकडा दिसलेल्यांनी जास्त कर्ज घेतलं, आणि त्यामुळे ज्यांनी घेतलं त्यांचे गुण सुधारले, जास्त विषय सुटले. कागदावर छापलेल्या एका आकड्याने एवढा फरक पडतो. परदेशातलं आहे, आपल्याकडे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण माण-खटावचा किंवा जतचा मुलगा फीला पैसे असूनही मेसच्या पैशांसाठी कॉलेज सोडतो, हे तुम्ही आणि मी दोघींनीही पाहिलं आहे. तेव्हा ‘कमी कर्ज’ हे तुमच्या प्रयोगाचं यश धरू नका. ‘जास्त होकार’ हेही धरू नका. ज्याला जेवढं लागतं तेवढंच त्याच्या नावावर चढलं का आणि ते त्याला ठाऊक आहे का, एवढंच तपासा.

आता मेसेजचा मजकूर. तुमच्या मेसेजमधला ‘हप्ता’ हा शब्द काढा. ऊस असलेल्या घरात हप्ता म्हणजे कारखान्याकडून येणारं बिल. आई बचत गटात किंवा मायक्रोफायनान्सच्या गटात असेल तर हप्ता म्हणजे ठरल्या वारी भरायचे पैसे. ‘दुसरा हप्ता मंजूर’ वाचून एका घरात वाटेल पैसे आले, दुसऱ्या घरात वाटेल पैसे मागतायत. साधं असं लिहून बघा:

“तुमच्या नावे ४०,००० रु. कर्ज १५ जुलैला कॉलेजला भरायचं आहे. हवं, कमी हवं की नको? या नंबरवर मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करू.”

एक खर्चाची गोष्ट. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरी ७० चा, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातलं हलन्त, सगळं सुटं मोजतात. ‘कर्ज’ हा आपल्याला दोन अक्षरांचा शब्द. एसएमएसच्या हिशेबात चार. त्यामुळे वरचा मजकूर संस्थेचं नाव आणि नंबर धरला की तीन मेसेजचे पैसे खाईल. हिशेबनीस कुरकुर करतील. त्यांना सांगा, न कळणारा एक मेसेज हाच खरा वाया गेलेला पैसा. शिवाय असा मजकूर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणे आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, तेव्हा दोन-तीन मसुदे आजच नोंदवून ठेवा, ऐन जूनमध्ये धावपळ नको. लिंक घालू नका. ओटीपी तर अजिबात मागू नका.

पण पाठवायच्या आधी ऑफिसात आलेल्या आठ-दहा मुलांना हा मजकूर हातात द्या आणि म्हणा, “वाच आणि काय कळलं ते तुझ्या शब्दांत सांग.” ‘कळलं का?’ असं विचारू नका, त्यावर सगळे मान हलवतात. दोन-तीन आयांनाही वाचायला द्या. जिथे त्या अडखळतील तो शब्द बदला. जतकडच्या घरांसाठी कन्नड मसुदा करा. तुमच्याच जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी आनंदाने करून देईल.

मग पद्धतींची परीक्षा. यंदा सगळ्यांना एकच मेसेज गेला, त्यामुळे दुसऱ्या कशाने जास्त उत्तरं आली असती का, हे कळायला मार्ग नाही. पुढच्या खेपेला चिठ्ठ्या टाकून तीन गट करा. एका गटाला हा मेसेज. दुसऱ्याला मेसेज, शिवाय त्यांच्या कॉलेजच्या ऑफिसमार्फत हातात चिठ्ठी. तिसऱ्याला थेट फोन. चिठ्ठ्याच टाका, तालुक्यावार गट पाडू नका. मिरजेला मेसेज आणि शिराळ्याला फोन असं केलं तर फरक पद्धतीचा की गावाचा हे कधीच कळणार नाही. आणि प्रयोगाच्या नावाखाली कुणाचं नुकसान व्हायला नको, म्हणून पैसे भरायच्या चार दिवस आधी तिन्ही गटांतल्या ज्या मुलांचं काहीच कळलेलं नाही त्यांना फोन करायचाच.

माणूस नाही म्हणता. दोनशे फोनना माणूस लागेल, हे खरं. पण मेसेज नीट असेल आणि मिस्ड कॉलची सोय असेल तर फोन करायला उरणारी मुलं कमी होतील, आणि तेवढे फोन दोन-तीन माणसांनी संध्याकाळी ६ नंतर केले तर आठवड्यात होतात. कर्ज फेडून नोकरीला लागलेल्या तुमच्याच मुलामुलींना विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून या भागात शिकलेला माणूस मागून येणाऱ्यासाठी थोडा वेळ देतो, ही सवय आहे. मागून बघा.

फोनवर काय बोलायचं हेही ठरवून घ्या. “चाळीस हजार हवेत ना?” असं विचारलं की मुलगा “हो मॅडम” म्हणणारच. तो ‘ना’ काढून टाका. “यंदा फी किती आहे? स्कॉलरशिप काही मिळाली का? मग आपल्याकडून किती लागतील?” असं विचारा आणि गप्प राहा. त्याला हिशेब करू द्या. मग एवढंच सांगा: व्याज १० टक्के साधं असेल तर ४०,००० वर वर्षाला ४,०००, परतफेड कधीपासून, आणि मध्ये शिक्षण सुटलं किंवा पैसे मिळाले तर कुणाला कळवायचं. पंधरा दिवसांनी प्रत्येक गटातल्या काही मुलांना पुन्हा फोन करून विचारा: तुझ्या नावावर किती कर्ज आहे, कधीपासून फेडायचं, नको म्हणता येतं का? ज्या गटातली जास्त मुलं बरोबर सांगतील ती पद्धत चांगली. ‘येस’ किती आले ते वहीत लिहा, पण त्यावर निकाल लावू नका.

हे वाचणाऱ्या मुलांनाही दोन शब्द. संस्थेचं असो की बँकेचं, कर्जाची रक्कम दरवर्षी नव्याने ठरवता येते का हे पहिल्या दिवशी विचारा, आणि येत असेल तर कमी करून मागायला लाजू नका. नंबर बदलला की आईबाबांच्या आधी कर्ज देणाऱ्याला कळवा. आणि मेसेज खरा की खोटा असा संशय आला तर त्यातल्या नंबरवर फोन करू नका; प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या पावतीवरचा नंबर फिरवा.

राहिली ती आटपाडीची मुलगी. २०२४-२५ पासून राज्य सरकारने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. म्हणजे अर्ज केला तेव्हा तिला पैसे लागत होते, तुम्ही भरले तेव्हा लागत नव्हते. अशा आणखी मुली तुमच्या यादीत असतील, ती यादी आधी काढा. तिच्यासाठी कॉलेजला पत्र द्या: फी माफीची नोंद आणि ट्रस्टने भरलेल्या रकमेची पावती दोन्ही जोडून, रक्कम ट्रस्टला परत मिळावी म्हणून. विश्वस्तांपुढे वेगळं टिपण ठेवा की तिला उत्तर द्यायची सोयच नव्हती, म्हणून पैसे भरल्या दिवसापासूनचं व्याज पूर्ण माफ व्हावं. त्या टिपणावर तुमची सही असू द्या. आणि निकालाची वाट न बघता तिला याच आठवड्यात फोन करा. सांगा की मेसेजला उत्तर देता येत नव्हतं, चूक आमच्याकडे होती, तुझी नाही. ‘आला होता ना?’ असं विचारलेल्या मुलीला हे तुमच्याच तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे.